अतिरिक्त कार्यभार: एका नगरपरिषदेतील जनसंपर्काचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेतील आहे. ४० हजारांहून अधिक आणि १ लाखापर्यंत लोकसंख्येची शहरे या वर्गात येतात. कोणाची ओळख पटू नये म्हणून शहराचे नाव, वर्ष आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत.

या नगरपरिषदेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, जनसंपर्क अधिकाऱ्याचे पदच नव्हते. सामान्य प्रशासन विभागातील एका वरिष्ठ लिपिक महिलेकडे या कामाचा अतिरिक्त कार्यभार होता. कार्यालयात त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणत, म्हणून येथेही तसाच उल्लेख केला आहे. रजा, सेवापुस्तके आणि वेतनदेयके हे आस्थापनेचे मूळ काम सांभाळून त्या रोज सकाळी दैनिकांतील कात्रणे मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवत, दुपारी एखाद्या कार्यक्रमाची प्रेसनोट छायाचित्रासह वार्ताहरांना पाठवत, आणि नगरपरिषदेविरुद्ध बातमी आलीच तर संबंधित विभागाच्या वतीने ‘खुलासा’ तयार करत. त्यांचे मराठी नेटके होते, वार्ताहरांशी संबंध चांगले होते आणि प्रेसनोट कधी उशिरा जात नसे, त्यामुळे या कामात काही उणीव आहे असे नऊ वर्षांत कोणालाही वाटले नव्हते.

त्या काळात नगरपरिषदेची मुदत संपून प्रशासकीय राजवट सुरू होती, ही गोष्ट पुढचे समजण्यासाठी महत्त्वाची आहे. नगरसेवक असतो तेव्हा नळाला पाणी आले नाही की माणूस त्याच्या दारात जाऊन उभा राहतो, नगरसेवक तिथूनच अभियंत्याला फोन लावतो आणि मिळेल ते उत्तर गल्लीत पोहोचते. नगरपरिषदेच्या जनसंपर्काचे कितीतरी काम असे कागदावर न येता होत असते. तो दुवा तुटला होता, आणि त्याची जागा आता कोणी घ्यायची हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता.

समस्या

जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमारास नळाखाली धरलेल्या तांब्यातील पिवळसर पाण्याचा व्हिडिओ शहरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरू लागला. अकराच्या सुमारास पाणीपुरवठा विभागाच्या माणसांना एका जलकुंभावरून दोन प्रभागांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, गटाराला लागूनच, गळती सापडली. एक वाजल्यापासून वार्ताहरांचे फोन सुरू झाले. मुख्याधिकारी जिल्हाधिकारी कार्यालयात आढावा बैठकीला गेले होते आणि अभियंते खड्ड्याशी उभे असल्याने फोन उचलत नव्हते. चार तास वाट पाहून मॅडमनी संध्याकाळी पाच वाजता खुलासा पाठवला. त्यातली मुख्य वाक्ये अशी होती: ‘शहरातील पाणीपुरवठा सुरळीत असून नगरपरिषदेतर्फे शुद्ध व निर्जंतुक पाण्याचा पुरवठा करण्यात येत आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

बुधवारच्या अंकांत हा खुलासा आणि जुलाब-उलट्यांमुळे ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांची बातमी शेजारी शेजारी छापून आली. गुरुवारी त्या दोन प्रभागांतील महिलांनी नगरपरिषदेवर हंडा मोर्चा आणला. शुक्रवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि त्यात पाण्याचे नमुने पिण्यास अयोग्य असल्याचे नमूद होते. तोपर्यंत गळती दुरुस्त होऊन वाहिनी धुऊन काढलेली होती, म्हणजे नळाचे पाणी वापरायला हरकत नव्हती. पण आता नगरपरिषदेच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. पुढे कितीतरी दिवस हातावर पोट असलेली कुटुंबेसुद्धा जारचे पाणी विकत घेत राहिली. त्या एका खुलाशाची किंमत अशी रोजच्या रोज लोकांच्या खिशातून गेली, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच आहे.

मी अनेक वर्षे वृत्तपत्रात काम केले असून आता शासकीय व निमशासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना संवादाचे प्रशिक्षण देतो. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावले तेव्हा मोर्चाला दोन आठवडे होऊन गेले होते. मॅडमशेजारी बसून मी त्यांना खुलाशातला एकेक शब्द कुठून आला ते सांगायला सांगितले. ‘सुरळीत’ हा शब्द आदल्या वर्षीच्या एका खुलाशातून आला होता. फाईल उघडून तारीख बदलली होती. ‘शुद्ध व निर्जंतुक’ ही ठरीव शब्दयोजना होती, ती प्रत्येक खुलाशात असे. ‘अफवा’ हा एकच शब्द त्यांचा स्वतःचा होता. व्हिडिओ कोणी पाठवला हे कळत नव्हते म्हणून तो लिहिला, असे त्या म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

मग आम्ही खालच्या मजल्यावर पाणीपुरवठा विभागात गेलो. तिथे ओटी टेस्टची नोंदवही होती. ही चाचणी अगदी साधी असते: नळाचे पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात, पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर रंग पिवळा होतो आणि नसेल तर पाणी तसेच राहते. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. वहीत त्या जलकुंभाखालच्या शेवटच्या नळासमोर शनिवार, रविवार आणि सोमवार असे सलग तीन दिवस ‘निगेटिव्ह’ असे निळ्या शाईत लिहिलेले होते. ओटी निगेटिव्ह आली म्हणजे पाणी दूषितच असते असे नाही, पण त्याचे संरक्षण गेलेले असते, आणि भर पावसाळ्यात एवढे कारण लोकांना पाणी उकळून प्यायला सांगण्यासाठी पुरेसे होते. म्हणजे व्हिडिओ निघण्याच्या तीन दिवस आधीपासून माहिती याच इमारतीत, एक जिना खाली, पडून होती. मॅडमनी ती वही नऊ वर्षांत कधी पाहिली नव्हती, आणि ती पाहायला हवी असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

त्यामुळे उणीव भाषेची नव्हती. कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, विचारले तरी उत्तर मिळवण्याचा अधिकार नव्हता, आणि अर्धीच माहिती हाती असताना काय लिहायचे याचा नमुना त्यांच्यापाशी नव्हता. ‘अजून समजलेले नाही’ हे सांगणारे एकही वाक्य त्या फाईलमध्ये नव्हते, म्हणून त्याच्या जागी जुनेच वाक्य गेले.

समोर असलेले पर्याय

मुख्याधिकाऱ्यांच्या मनात पहिल्यांदा आला तो पुण्यातला दोन दिवसांचा अभ्यासवर्ग. खर्च कमी आणि मंजुरी सोपी होती, शिवाय प्रमाणपत्रही मिळाले असते. अशा वर्गांत मी स्वतः शिकवतो, म्हणून त्यांची मर्यादा मला ठाऊक आहे. प्रेसनोटची रचना, पत्रकार परिषदेची तयारी, समाजमाध्यमांवरचा मजकूर हे तिथे शिकता येते. पण आपल्या कार्यालयात ओटीची वही कोणाच्या कपाटात असते हे तिथे कोणी सांगू शकत नाही.

दुसरा पर्याय एका खासगी एजन्सीकडे मासिक शुल्कावर समाजमाध्यमांचे काम सोपवण्याचा होता. एजन्सीने दाखवलेले नमुने सुबक होते, आणि कबूल करायला हवे की नगरपरिषदेच्या पानाला तशा सफाईची गरजही होती. परंतु एजन्सी दुसऱ्या शहरात बसणार होती. कोणत्या व्हॉल्व्हवर कोणती गल्ली येते हे माहीत नसलेला माणूस संकटाच्या दिवशी मॅडमनाच फोन करणार आणि मॅडम पुन्हा अभियंत्यांना, म्हणजे साखळीत आणखी एक कडी वाढणार होती. निवृत्त पत्रकाराला मानधनावर घेण्याची सूचनाही आली होती. त्यातून बातम्या ‘सांभाळल्या’ जातील ही अपेक्षा बोलून दाखवली गेली, तेव्हा मीच ती बाजूला ठेवायला सांगितली.

उरला तो मार्ग वेळखाऊ होता: मॅडमना त्यांच्याच जागी, रोजच्या कामाच्या ओघात आठ महिने तयार करायचे. मी महिन्यातून दोनदा यायचे आणि मधल्या काळात फोनवर त्यांच्या मसुद्यांवर बोलायचे. यातला धोका उघड होता, कारण आस्थापनेचे काम कमी होणार नव्हते आणि सारे काही एका व्यक्तीवर उभे राहणार होते. तरीही मी याच मार्गाची शिफारस केली. मॅडमचे या शहरातले वीस वर्षांचे वास्तव्य आणि माणसांची ओळख ही कोणत्याही एजन्सीला विकत घेता न येणारी गोष्ट होती.

काय केले

सुरुवात लेखनापासून केली. पहिल्या सूचनेत चारच गोष्टी असाव्यात असे ठरवले: काय घडले आहे, ते कोणत्या भागाला लागू आहे, नागरिकांनी आत्ता काय करावे, आणि नगरपरिषद पुढची माहिती किती वाजता देईल. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने संकटकाळातील संवादासाठी जी सूत्रे मांडली आहेत त्यांत सर्वप्रथम सांगा, अचूक सांगा, विश्वासार्ह राहा, सहानुभूती व्यक्त करा, लोकांना करता येईल अशी कृती सुचवा आणि त्यांचा आदर राखा असा क्रम आहे. मॅडमना यातले ‘सर्वप्रथम’ आणि ‘अचूक’ हे परस्परविरोधी वाटत होते. अचूक माहिती मिळेपर्यंत थांबायचे की नाही, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. जेवढे नक्की आहे तेवढेच सांगायचे आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असे लिहायचे, म्हणजे दोन्ही साधते, हे पटायला त्यांना दहा-बारा मसुदे लागले. ‘करण्यात येत आहे’ या शब्दांनी संपणारी वाक्ये आम्ही बंद केली, कारण त्यांत कोण करत आहे हे कधीच कळत नाही.

दुसरा टप्पा जिन्याखालचा होता. दर गुरुवारी पहाटे पाच वाजता मॅडम व्हॉल्व्हमनबरोबर फिरू लागल्या. पहिल्या दिवशी व्हॉल्व्हमन काकांना हे तपासणीचे प्रकरण वाटले आणि ते फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी स्वतःहून सांगितले, “मॅडम, या टोकाच्या नळाला पाणी शेवटी पोहोचतं. काही बिघडलं तर ते पहिल्यांदा इथंच दिसतं. इथल्या बायकांना विचारा, त्या वहीच्या आधी सांगतील.” मॅडमनी त्या गल्लीतल्या दोन महिलांचे फोन क्रमांक घेतले. माझ्या मते त्या आठ महिन्यांतला सर्वांत मोलाचा धडा हाच होता, आणि तो मी दिलेला नव्हता.

अधिकाराचा प्रश्न मात्र लेखनाने सुटणार नव्हता. अभियंत्यांचे म्हणणे असे होते की नोंदवही ही अंतर्गत बाब आहे, ती वार्ताहरांच्या हाती पडली तर रोज एक बातमी होईल. त्यांची भीती अनाठायी नव्हती, कारण आधीच्या प्रकरणात त्यांचेच छायाचित्र छापून आले होते. आम्ही माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ त्यांच्यासमोर ठेवले. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सार्वजनिक प्राधिकरणाने शक्य तितकी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी असे ते कलम सांगते. शेवटी वादावर तोडगा असा निघाला की पूर्ण वही बाहेर द्यायची नाही, पण एखाद्या नळाची चाचणी सलग दोनदा निगेटिव्ह आली की अर्ध्या तासात मॅडमना कळवायचे. मुख्याधिकाऱ्यांनी तसा कार्यालयीन आदेश काढला. त्यात मुख्याधिकारी बैठकीत असतील तर पहिली सूचना मॅडमनी परवानगीची वाट न पाहता द्यावी, असेही एक वाक्य होते. या वाक्यावर स्वाक्षरी करायला मुख्याधिकाऱ्यांनी चार दिवस घेतले. त्यांनी ती केली याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

बोलणार कोण, हाही निर्णय करायचा होता. मॅडमना प्रवक्त्या करावे असे मला सुरुवातीला वाटत होते. त्यांनीच नकार दिला. “पाण्याबद्दल मी बोलले तर लोक विचारतील, तुम्हाला काय कळतं? अभियंता साहेबांना बोलू द्या, मी त्यांना तयार करते,” असे त्या म्हणाल्या. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर अभियंत्यांचा सराव सुरू झाला. ‘टर्बिडिटी वाढल्याने डोसिंग अॅडजस्ट केले आहे’ या वाक्यापासून ‘पावसाने नदीचे पाणी गढूळ झाले आहे, म्हणून आम्ही औषधाचे प्रमाण वाढवले आहे’ या वाक्यापर्यंत यायला पाच बैठका लागल्या.

फेब्रुवारीत एका शनिवारी रंगीत तालीम घेतली आणि ती फसली. घंटागाड्यांवरून वाजवायच्या उद्घोषणेचे ध्वनिमुद्रण सव्वासातला तयार झाले, पण घंटागाड्या साडेसहालाच बाहेर पडलेल्या होत्या. त्यानंतर ‘पाणी उकळून प्या’, ‘आज पाणी येणार नाही’ आणि ‘पाणी आता वापरता येईल’ अशा तीन उद्घोषणा आधीच ध्वनिमुद्रित करून प्रत्येक गाडीच्या चालकाकडे देण्यात आल्या.

कामाचे मोजमापही बदलले. पूर्वी महिन्याच्या शेवटी किती कात्रणे आली आणि जाहिरातीच्या दराने त्या जागेची किंमत किती झाली असा तक्ता मुख्याधिकाऱ्यांना जात असे. जनसंपर्क क्षेत्राने २०१० साली बार्सिलोनात स्वीकारलेल्या तत्त्वांनी ही जाहिरातमूल्याची पद्धत नाकारली आहे, तरी ती अनेक कार्यालयांत अजून टिकून आहे. मॅडमनी तो तक्ता बंद करून त्याऐवजी बिघाड कळल्यापासून पहिली सूचना जाईपर्यंत किती मिनिटे गेली आणि त्यानंतर त्याच प्रश्नासाठी किती फोन आले, एवढ्या दोनच नोंदी ठेवायला सुरुवात केली.

पुढच्या पावसाळ्यात

खरी कसोटी जूनमध्ये लागली. रस्त्याच्या खोदकामात मुख्य जलवाहिनी फुटली. नऊ वाजून दहा मिनिटांनी मॅडमना कळले आणि नऊ चाळीसला पहिली सूचना गेली: वाहिनी कुठे फुटली आहे, कोणत्या चार प्रभागांना आज पाणी येणार नाही, घरातले पाणी जपून वापरावे, दुरुस्तीला किती वेळ लागेल हे अजून सांगता येत नाही, पुढची माहिती बारा वाजता.

बारा वाजता सांगण्यासारखे नवीन काहीच नव्हते. एका माजी नगरसेवकांनी फोन करून, काही नसेल तर उगाच संदेश कशाला पाठवता, असे खडसावले आणि अभियंत्यांचेही मत थांबावे असेच होते. मॅडमनी तरीही संदेश पाठवला: ‘दुरुस्ती सुरू आहे. किती वेळ लागेल हे अजूनही निश्चित नाही. टँकर दुपारी दोनपासून चारही प्रभागांत फिरतील. पुढची माहिती ३ वाजता.’ टँकरची वेळ त्यांनी मधल्या काळात स्वतः अभियंत्यांच्या मागे लागून ठरवून घेतली होती. बारा वाजता बोलायचे कबूल केले आहे, तर बोलण्यासारखे काहीतरी मिळवलेच पाहिजे, या ओढीने ते घडले. दुसऱ्या दिवशी बातमी आतल्या पानावर आली, मोर्चा निघाला नाही आणि दुपारनंतरचे फोन कमी झाल्याचे त्यांच्या वहीत दिसते.

हे यश अपुरे होते हेही नोंदवले पाहिजे. नदीकाठच्या एका वस्तीत बहुतेक घरांत स्मार्टफोन नाही आणि अरुंद बोळांमुळे घंटागाडीही आत जात नाही. तिथल्या बायका सार्वजनिक नळापाशी हंडे मांडून दुपारपर्यंत बसून राहिल्या. आमच्या यादीत ती वस्ती होती, पण तिच्यापुढे निरोप कोणामार्फत जाणार हा रकाना कोरा राहिला होता. आता त्या नळाशेजारी एक फळा लावला असून व्हॉल्व्हमन काका त्यावर खडूने लिहितात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वस्तीतल्या आशाताई सांगतात.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझी आहे. मी सहा आठवडे लेखनावर घालवले, कारण मला तेच चांगले शिकवता येते. कार्यालयीन आदेश आणि पहाटेची फेरी आधी व्हायला हवी होती. माहितीच हाती येत नसताना मसुदे सुधारणे हे रिकाम्या भांड्याला कल्हई करण्यासारखे होते.

दुसरे म्हणजे ही सारी व्यवस्था एका मुख्याधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीवर उभी होती. जुलैत त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी आदेश रद्द केला नाही, पण प्रत्येक सूचना आधी दाखवण्याची अट तोंडी घातली आणि पहिल्या सूचनेचा वेळ पुन्हा वाढू लागला. प्रशासकीय ठराव करून ही कार्यपद्धती कायम करून घेण्याची संधी मार्चमध्ये होती, तेव्हा आम्ही ती घेतली नाही. मॅडमकडे आस्थापनेचे काम आजही तेवढेच आहे. आठ महिन्यांत त्यांनी जे कमावले त्याची सेवापुस्तकात एका ओळीचीही नोंद नाही.

तिसरा निर्णय मला अजून अस्वस्थ करतो. आदल्या वर्षीचा तो खुलासा चुकीचा होता हे नगरपरिषदेने कधीही जाहीरपणे मान्य केले नाही. मुख्याधिकाऱ्यांना कायदेशीर जबाबदारी अंगावर येण्याची भीती वाटत होती, आणि विषय मागे पडला आहे तर तो पुन्हा कशाला काढायचा, या त्यांच्या म्हणण्याला मीही मान डोलावली. पाणी कसे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसांना आपण अफवा पसरवणारे ठरवले होते. त्यांच्याशी पुन्हा बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते मागे घेणे आवश्यक होते. मॅडमनी सरावाचा भाग म्हणून तशी एक प्रेसनोट लिहिली होती. ती अजून त्यांच्या फाईलमध्ये आहे आणि तिचे पहिले वाक्य असे आहे: ‘मंगळवारी नगरपरिषदेने दिलेला खुलासा चुकीचा होता; त्या दिवशी नागरिकांनी पाण्याबद्दल जे सांगितले ते खरे होते.’